देहूच्या डोहातले मासे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंद्रायणीकाठी आम्ही काही जण अधूनमधून नदीफेरी काढतो. पुण्यातून, पिंपरी-चिंचवडमधून, तळेगावातून माणसं येतात आणि तेच तेच प्रश्न पुन्हा विचारतात. ते प्रश्न चांगले आहेत, म्हणून त्यांची उत्तरं इथे एका जागी लिहून ठेवतो आहे. काही उत्तरं दोन ओळींची आहेत, काही लांबली आहेत.

घाटाच्या पायऱ्यांजवळ येणारे ते मोठे मासे कोणते?

त्यातला खरा मानकरी महाशीर. आपल्या दख्खनच्या महाशीरचं शास्त्रीय नाव टोर खुदरी. ओळखायला सोपा आहे. खवले इतके मोठे की पायरीवर उभं राहूनही अंगावरची जाळी दिसते. ओठ मांसल, तोंडाशी मिशांच्या दोन जोड्या आणि परांवर निळसर झाक. पाण्यात तो नेहमी प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो, जागच्या जागी शेपूट हलवत.

पण घाटावर दिसणारा प्रत्येक मोठा मासा महाशीर नसतो. रोहू, कटला, गवत्या हेही त्यांच्यात मिसळून फिरतात. रोहू-कटला मूळचे गंगेच्या खोऱ्यातले आणि गवत्या परदेशी. हे तिन्ही माणसाने इथे आणले.

इथे मासे पकडायला बंदी कुणी घातली?

रीतीने. तुकोबांच्या देहूत डोहातले मासे देवाचे मानतात, त्यांच्यावर कुणी जाळं टाकत नाही. गळ घेऊन बसलेल्या माणसाला उठवायला पोलीस लागत नाही, काठावरची एखादी आजीच पुरते.

अशा जागा महाराष्ट्रात आणखी आहेत. महाड तालुक्यात काळ नदीवरचा वाळणकोंड आहे, तिथले मासे वरदायिनी देवीचे. वाडा तालुक्यात तिळसे आहे, वैतरणेच्या पात्रातलं शिवाचं ठिकाण. वन्यजीव कायदा १९७२ चा. या जागा त्याच्या कितीतरी आधीपासून राखलेल्या आहेत. मला या परंपरेबद्दल मनापासून आदर आहे. तिची मर्यादा कुठे आहे ते पुढे येईलच.

माशांची शास्त्रीय नावं मराठी वाटतात. असं कसं?

वाटतात नाही, आहेतच. विल्यम हेन्री साइक्स हा ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यातला अधिकारी १८२४ पासून काही वर्षं दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करत फिरला. त्यात त्याने मासेही गोळा केले, रेखाटून घेतले आणि मुख्य म्हणजे काठावरच्या लोकांना त्यांची नावं विचारली. लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेपुढे त्याने या माशांची वर्णनं मांडली आणि १८३९ मध्ये ती छापून आली. त्यात त्याने आपल्या भोयांनी सांगितलेली नावंच लॅटिन नावांच्या जागी बसवली. खुदरी हा शब्द तिथूनच जगभर गेला. पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळालेल्या माशावरून त्याने या जातीचं वर्णन लिहिलं. आज दक्षिण आफ्रिकेतला किंवा इंग्लंडमधला अभ्यासक महाशीरवर लिहितो, तेव्हा तोही खुदरीच म्हणतो.

खुदरी एकटा नाही. कोलस, मुसळा, नुक्ता, फुलुंगी, पोटाईल, शिंगटी, घोगरा ही सगळी नावं आज जागतिक याद्यांत आहेत. दगडाला चिकटणारा मळ्या तिथे 'गारा मुल्या' झाला. शिंगटीच्या परांपाशी शिंगासारखे काटे असतात, हात घातला की कळतं. पुढे १९५२ मध्ये कृष्णेच्या खोऱ्यातल्या एका माशाला 'खवलचोर' हे नाव मिळालं. हा मासा खरोखरच दुसऱ्या माशांच्या अंगावरचे खवले ओरबाडून खातो. ज्याने हे नाव पहिल्यांदा उच्चारलं त्याने नदीकडे किती बारकाईने पाहिलं असेल!

काही वर्षांपूर्वी भीमेकाठच्या एका म्हाताऱ्या भोईबाबांना मी ही यादी एकेक नाव करून वाचून दाखवली. ते अंगणात जाळं विणत बसले होते. प्रत्येक नावाला हातातली सुई थांबायची. हा असायचा. हा मोठ्या धारेला. हा आता नाही. नुक्ता म्हटल्यावर त्यांनी बोटाने स्वतःच्या नाकाडावर खाच दाखवली, कारण या माशाचं नाकाड तसंच मधे दबलेलं असतं. त्यांचा नातू शेजारी बसला होता. तोही मासेमारीच करतो, पण त्याला त्या यादीतली दोन नावं ठाऊक होती. बाकी त्याच्या जाळ्यात चिलापी, रोहू आणि कटला येतात. मासा नदीतून गेला की शब्द तोंडातून जायला एक पिढी लागते, हे मी त्या अंगणात पाहिलं.

एकूण जाती किती आहेत?

सबंध पश्चिम घाटाच्या नद्यांमधल्या माशांची एक यादी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात ३२० जाती होत्या. त्यातल्या बहुसंख्य जगात दुसरीकडे कुठेही मिळत नाहीत. पुण्याचं वेगळेपण असं की इथल्या नद्यांची नोंद फार जुनी आहे. साइक्सनंतर १९४० च्या दशकात, १९६० च्या दशकात आणि पुन्हा २००० नंतर पुण्यातल्या अभ्यासकांनी मुळा, मुठा, पवना आणि इंद्रायणी धुंडाळल्या. या याद्या शेजारी शेजारी ठेवल्या की जुन्या नावांपुढे 'आढळला नाही' वाढत जातं आणि खाली बाहेरून आलेल्यांची नावं जोडली जातात.

आकड्यापेक्षा मला हे महत्त्वाचं वाटतं. एखाद्या ठिकाणी ४० जाती मिळाल्या, पण त्यातल्या १० बाहेरच्या असतील तर तो आकडा आनंदाचा नाही.

पुण्याच्या नावाचा एखादा मासा आहे का?

आहे, आणि बोटभर लांबीचा आहे. ग्लिप्टोथोरॅक्स पूनेन्सिस. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९३८ मध्ये त्याला हे नाव दिलं. खळाळत्या धारेत, दगडांच्या फटीत राहतो. मावळातल्या एका ओढ्यात पहिल्यांदा तो हातात आला तेव्हा मी त्याला पाण्याने भरलेल्या पारदर्शक डब्यात ठेवून खालून पाहिलं. छातीवर कातडीच्या बारीक चुण्या, निऱ्यांसारख्या एकाला एक लागून. धार कितीही जोरात असली तरी तो या चुण्यांनी दगडाला धरून राहतो. डबा हलवला तरी तो काचेला चिकटूनच होता. मिनिटभराने आम्ही त्याला परत सोडला, तर हाताच्या सावलीतून निसटून तो त्याच दगडाखाली गेला.

हा मासा आंतरराष्ट्रीय यादीत संकटग्रस्त आहे. पुण्यातल्या लाखो लोकांना आपल्या शहराच्या नावाचा मासा आहे हेच माहीत नाही. नदीफेरीत मी हा प्रश्न कुणी विचारला नाही तरी स्वतःहून सांगतो.

डोह राखला म्हणजे मासे वाचले, असंच ना?

या प्रश्नासाठीच खरं तर हे पान लिहायला घेतलं. उत्तर नाही असं आहे.

डोह हे माशाचं उन्हाळ्यातलं घर. मार्च ते मे या काळात पात्र आटतं, धार तुटते, तेव्हा मोठे मासे खोल पाण्यात एकत्र येतात. तिथे जाळं पडलं तर सबंध पट्ट्यातले जाणते मासे एका दिवसात संपतील. म्हणून डोह राखण्याची रीत शहाणपणाची आहे. पण महाशीर डोहात अंडी घालत नाही. त्याला पावसाळ्यात वर चढायला मोकळी नदी लागते, स्वच्छ वाहतं पाणी लागतं, तळाला गोटे आणि भरड वाळू लागते. अंडी तळाशी बसतात, गोट्यांच्या फटीत राहतात आणि साधारण तीन दिवसांत फुटतात. त्या तीन दिवसांत वरून गाळ येऊन बसला तर अंडी गुदमरतात. वाळू उपसलेली असेल तर बसायला जागाच नाही.

आता इंद्रायणी पाहा. ती लोणावळ्याजवळ कुरवंड्याला उगम पावते आणि कामशेत, देहू, आळंदी करत तुळापूरला भीमेला मिळते. उगमापासून काही अंतरावरच, १९१६ पासून, वळवणचं धरण आहे. तिथे अडवलेलं पाणी वीज करण्यासाठी घाटाखाली खोपोलीला उतरवलं जातं. म्हणजे पूर्वेला वाहणाऱ्या नदीचं डोक्याकडचं पाणी शंभर वर्षांहून अधिक काळ पश्चिमेला जातं आहे. मुळेचंही तसंच. मुळशी धरणाचं पाणी १९२७ पासून भिऱ्याला उतरतं. शिवाय वाटेत बंधारे आहेत. पावसाळ्यात वर निघालेला मासा पहिल्या उंच बंधाऱ्याशी डोकं आपटत थांबतो. भिंतीखालच्या पाण्यात तो सोपा सापडतो, आणि तिथे जाळी घेऊन माणसं उभीच असतात.

बंधाऱ्याला माशांसाठी पायऱ्यांची वाट ठेवता येते, धरणातून उन्हाळ्यात थोडी धार सोडता येते. या दोन गोष्टी झाल्या तर देहूच्या डोहाला अर्थ राहील. नाहीतर ते म्हाताऱ्या माशांचं घर होईल, ज्यात पिल्लं नाहीत. हल्ली घाटावर उभं राहिलं की मी मोठे मासे मोजत नाही. वीतभर लांबीची पिल्लं दिसतात का, ते शोधतो.

चढणीचे मासे पूर्वीपासून खातोच की. त्यात काय बिघडलं?

माझंही बालपण त्यातच गेलं आहे. पहिल्या जोराच्या पावसात ओढ्याला लाल पाणी आलं की मामा रात्री कंदील घेऊन निघायचे, मागे आम्ही पोरं. भातखाचरातून वर चढणारे मासे हातानेच धरायचो. घरी आजी पोट चिरायची आणि आत अंड्यांची पिवळी पिशवी असायची. ती वेगळी तळली जायची, तो आमचा हक्काचा वाटा. आज कळतं की ती पिशवी म्हणजे पुढच्या पावसातले हजारो मासे होते.

तेव्हा एका ओढ्यावर दोन-तीन घरची माणसं यायची, बाकीचे मासे वर निघून जायचे. आता ओढ्याचं तोंड आडव्या जाळ्याने पूर्ण बांधतात, जाळंही मच्छरदाणीइतकं बारीक, आणि शहरातून गाड्या करून लोक येतात. खाऊ नका असं मी आदिवासी पाड्यावरच्या माणसाला सांगणार नाही. पण ओढा पूर्ण बांधू नये, अर्धं पात्र मोकळं सोडावं, आणि फुगलेल्या पोटाची मादी हाताला लागली तर तिला जाऊ द्यावं, एवढं नक्की सांगतो. पाड्यावरची म्हातारी माणसं हे ऐकून मान डोलावतात. त्यांच्यात हे आधीपासून होतंच.

कधी कधी एका रात्रीत हजारो मासे मरून वर येतात. कुणी विष टाकतं का?

क्वचित तसंही होतं. पण बहुतेक वेळा मासे श्वास कोंडून मरतात. २० अंश तापमानाला स्वच्छ पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशाला साडेसातच. बहुतेक माशांना निरोगी राहायला किमान ५ च्या आसपास लागतो. म्हणजे उन्हाळ्यात मुळातच हात आखडता. त्यात सांडपाणी आलं की ते कुजवणारे जिवाणू उरलेला प्राणवायू ओढून घेतात. जलपर्णी आणि शेवाळ दिवसा प्राणवायू तयार करतात, पण रात्री तेही तो वापरतात. म्हणून सर्वांत वाईट वेळ पहाटेची. पाचच्या सुमारास मासे पृष्ठभागाशी तोंड वर करून आ-आ करताना दिसले तर समजा की पाण्यातला प्राणवायू संपत आला आहे.

दुसरी धोक्याची वेळ म्हणजे वळवाची पहिली सर. लोकांना वाटतं पाऊस आला, नदी धुऊन निघाली. प्रत्यक्षात नाल्यांत महिनोन्‌महिने साचलेली घाण एकदम पात्रात उतरते, तळाचा काळा गाळ ढवळतो, आणि दुसऱ्या दिवशी काठाला मासे लागतात. पहिल्यांदा मरतात ते महाशीरसारखे, ज्यांना भरपूर प्राणवायू लागतो. मरळ वाचतो, कारण तो तोंड वर काढून हवेतला श्वास घेऊ शकतो.

सांडपाणी प्रकल्पांनी हे सुटेल का?

पुण्यात मुळा-मुठेसाठी २०१६ मध्ये ९९० कोटींची योजना मंजूर झाली. त्यात ११ प्रकल्प आणि दिवसाला ३९.६ कोटी लिटर पाणी शुद्ध करण्याची क्षमता धरली आहे. हे हवंच आहे. मात्र प्रकल्पाचं यश त्याच्या उद्घाटनावरून मोजू नये. पहाटे पाच वाजता पात्रातला प्राणवायू मोजावा.

आम्ही माशांना चुरमुरे, बिस्किटं घालतो. चालतं ना?

मूठभर चुरमुऱ्यांनी काही होत नाही. पण सुट्टीच्या दिवशी शेकडो लोक पिशव्याच्या पिशव्या ओततात, न खाल्लेलं तळाशी कुजतं, आणि वर लिहिल्याप्रमाणे प्राणवायू खातं. प्लॅस्टिकची पिशवीही बहुधा तिथेच राहते. नैवेद्य दाखवायचा असेल तर मुठीपुरता दाखवा. महाशीरला शेवाळ, किडे, गोगलगायी, काठावरच्या झाडांची पडलेली फळं लागतात. उंबर पाण्यावर झुकलेलं असेल तिथे तो हमखास घुटमळतो. काठावरचं एक उंबर वाचवलं तर वर्षभर अन्नदान होतं.

घरच्या टाकीतला मासा मोठा झाला. नदीत सोडला तर त्याला जीवदान मिळेल ना?

त्याला मिळेल, इतर शेकडोंना जिवाला मुकावं लागेल. काचेची शेवाळ खातो म्हणून आणलेला सकरमाउथ असाच सुटला आणि आज उजनीत मच्छीमारांची जाळी फाडतो. चिलापी १९५२ मध्ये भारतात आणली. मादी अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळते, त्यामुळे त्यांतली बरीच जगतात, आणि उजनीत तिचंच राज्य झालं. आफ्रिकन मांगूर पाळायला देशात बंदी आहे. गप्पी डासांसाठी बंद हौदात ठीक, ओढ्यात नको. मासा सांभाळता येत नसेल तर दुकानदाराला परत द्या किंवा सांभाळू शकेल अशा माणसाला द्या.

मग महाशीरची पिल्लं तरी सोडावीत की? तो तर आपलाच.

आपलाच, पण आपल्या नदीत. लोणावळ्याला वळवणच्या तलावाकाठी १९७० च्या दशकापासून खुदरीची कृत्रिम पैदास होते. या मेहनतीबद्दल मला आदर आहे, तिच्यामुळे या माशाबद्दल खूप शिकता आलं. पण तिथली पिल्लं देशभर सोडली गेली, त्यात कावेरीही होती. कावेरीत तिचा स्वतःचा कुबडा महाशीर राहत होता, जगातल्या सर्वांत मोठ्या महाशीरांपैकी एक. खुदरी तिथे फोफावला आणि कुबडा महाशीर मागे हटत गेला. २०१८ मध्ये कुबड्या महाशीरची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून झाली. पुण्याचा मासा चांगल्या हेतूने तिकडे नेला आणि तिथे तो पाहुणा न राहता मालक झाला.

म्हणून पिल्लं सोडण्याचा कार्यक्रम ठरवताना आधी विचारा: ही जात या खोऱ्यातली आहे का, आणि इथले मासे का कमी झाले ते कारण दूर झालं आहे का? कारण तसंच असेल तर सोडलेली पिल्लंही तशीच मरतील.

महाशीर संकटग्रस्त आहे की नाही? दोन्ही वाचलं आहे.

दोन्ही बरोबर. २०११ च्या सुमारास खुदरी संकटग्रस्त यादीत होता, नंतरच्या फेरमूल्यांकनात त्याला सर्वांत कमी धोक्याच्या गटात ठेवलं. म्हणजे सबंध जात लगेच संपणार नाही. इंद्रायणीतला खुदरी सुरक्षित आहे असा त्याचा अर्थ नाही. आणि सगळं लक्ष एका देखण्या माशाकडे गेलं की नुक्ता, मुसळा, पोटाईल, पूनेन्सिस मागे पडतात. संकटग्रस्त खरे ते आहेत. त्यांच्यासाठी घाटावर कुणी चुरमुरे आणत नाही.

कायद्याने असा पट्टा राखीव करता येतो का?

येतो. वन्यजीव संरक्षण कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने संवर्धन राखीव आणि समुदाय राखीव क्षेत्रं आली. जैवविविधता कायदा २००२ प्रमाणे राज्य सरकार जैवविविधता वारसास्थळ जाहीर करू शकतं. पुण्यातलं गणेशखिंड उद्यान असंच वारसास्थळ आहे. माशासाठीचं उदाहरण आंबोलीचं. हिरण्यकेशीच्या उगमापाशी, महादेवाच्या देवळाच्या कुंडात एक नवी जात मिळाली, शिस्टुरा हिरण्यकेशी, आणि २०२१ मध्ये ती छोटीशी जागा वारसास्थळ झाली. देवळाची रीत आणि सरकारचा कागद तिथे एकमेकांना पूरक ठरले.

गावाने सुरुवात करायची तर ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीपासून. लोकजैवविविधता नोंदवहीत माशांचं पान बहुतेक गावांत कोरं असतं. ते म्हाताऱ्या भोयांना, कातकऱ्यांना, ठाकरांना विचारून भरा, आणि ते सांगतील तीच नावं लिहा.

कुणी सुरुंग किंवा ब्लीचिंग पावडर टाकून मासे मारताना दिसला तर?

भारतीय मत्स्य कायदा १८९७ चा आहे. स्फोटकं वापरणं आणि पाण्यात विष टाकणं तेव्हापासूनच गुन्हा आहे. एकट्याने अंगावर जाऊ नका. लांबून फोटो घ्या, जागा आणि वेळ लिहून ठेवा, ११२ ला फोन करा आणि गावच्या पोलीस पाटलांना सांगा.

मुलांना मासे दाखवायला कधी आणावं?

दिवाळीनंतर ते जानेवारीअखेर, सकाळी आठ ते दहा. तेव्हा गाळ बसलेला असतो आणि ऊन तिरपं. गर्दीच्या घाटापासून थोडं वरच्या अंगाला जा. आपली सावली पाण्यावर पडणार नाही अशी पायरी निवडा आणि मुलांना दहा मिनिटं गप्प बसवा. चकाकी कापणारा गॉगल असेल तर आळीपाळीने द्या. आधी काहीच दिसत नाही. मग तळाचा एखादा गोटा हललासा वाटतो, आणि तो मळ्या असतो, दगडावरचं शेवाळ खरवडत पुढे सरकणारा.